पट्टीवरचे खड्डे

हेमा वाळिंबेला आवाजावरून वस्तू ओळखता यायच्या. शेजारच्या घरात फोडणीला मोहरी पडली की जिरं, जिन्यातून उतरणाऱ्याची कुठली चप्पल तुटायला आली आहे, फरशीवर पडलं ते नाणं की कुकरची शिट्टी, हे ती मान वळवण्याआधी सांगायची. यात चमत्कार काही नव्हता. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गाणं शिकवल्यावर साठ मुलींत बेसूर कोण ते पाठमोरं ओळखावंच लागतं. शाळेत गाण्याचा तास म्हणजे गणिताच्या बाईंचा अभ्यासक्रम मागे पडला की हक्काने उचलून न्यायची वस्तू. हेमा पेटीचा भाता मिटून मुकाट्याने वर्गाबाहेर पडायची. घरीही फारसं वेगळं नव्हतं.

घरी श्यामसुंदरराव होते. खडकीकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी अख्खी बॅच परत पाठवणारा माणूस. निवृत्त झाल्यावर असे लोक एकतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात नाहीतर घरच्यांना मोजत बसतात. श्यामसुंदररावांनी दोन्ही करून पाहिलं. मग भाच्याची मान वाकलेली गिटार एकदा हातात आली आणि त्यांना तिसरा मार्ग सापडला. बिबवेवाडीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटची पुढची बाल्कनी त्यांनी काचा लावून बंद केली, टेबल ठोकलं, भिंतीवर हत्यारं टांगली आणि दारावर पाटी लावली:

‘येथे गिटार दुरुस्त होतात. गिटारचं दुखणं गिटार सांगेल. मालकाने निदान करू नये. वेळ १० ते १ व ५ ते ७. बेल एकदाच वाजवावी.’

हात चांगलाच होता त्यांचा, हे मान्य करायला हवं. कानशीची एक ओढ फुकट जायची नाही. अडचण एवढीच की गिटार हे वाद्य आहे आणि श्यामसुंदरराव ते डोळ्याने ऐकायचे. कारखान्याने त्यांचा डावा कान खाऊन टाकला होता. ते कबूल करायचे नाहीत. फोन मात्र नेहमी स्पीकरवर लावायचे. तार सुरात लावायला मोबाइलवर काटा बघायचे. आणि दुरुस्त झालेली गिटार तपासायची कशी, तर एका बोटाने, देवाला फूल वाहावं इतक्या हळू.

तीन वर्षांपूर्वी एक गिटार आली होती. पोरगा सांगत होता की वर गेलं की काहीतरी चुकतं, पण काय ते कळत नाही. हेमा आतून ताक घुसळता घुसळता म्हणाली, "वरचा सा चढा लागतोय, तारेची लांबी कमी पडत असेल." श्यामसुंदरराव खुंटी पिळत राहिले. दुसऱ्या दिवशी ब्रिजवरचं हाड घासून त्यांनी तारेची लांबी वाढवली आणि त्या पोराला सांगितलं, "मी ऐकताक्षणीच ओळखलं होतं." हेमा दारातच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते बिस्किटं राहिलीत असं सांगायला.

त्या दिवसानंतर हेमाने बाल्कनीकडे बघून बोलणं बंद केलं. विचारलं तर सांगेन, असं तिने मनाशी ठरवलं. आपण ठरवलंय हेसुद्धा तिने कोणाला सांगितलं नाही. त्यामुळे शिक्षा चालू आहे हे शिक्षा झालेल्या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं. चष्मा कुठे आहे, हे सोडून ते तिला काहीच विचारायचे नाहीत. पण ते तर पहिल्यापासूनच होतं.

नवरात्राच्या आधी अपूर्वा ओव्हाळ आली. धायरीची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कुठल्याशा लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी. पाठीवरची काळी बॅग तिने अशी उतरवली की आत झोपलेलं मूल असावं. काम किरकोळ होतं, एक खुंटी फिरेनाशी झाली होती, ती बदलायची. श्यामसुंदररावांनी आडनाव विचारलं, ऐकून "अच्छा" म्हणाले, आणि त्या ‘अच्छा’त जे असतं ते मुलीला सवयीने ऐकू आलं आणि तिने ते सोडून दिलं. हेमालाही ऐकू आलं. तिला सगळंच ऐकू यायचं.

गिटार जुनी होती. मानेवर काळ्या लाकडाची पट्टी असते, तिच्यावर धातूचे आडवे फ्रेट बसवलेले असतात. त्या पट्टीवर फ्रेटच्या मध्ये ठिकठिकाणी लाकूड झिजून खड्डे पडले होते. अंगठ्याने कणकेचा गोळा दाबावा तसे, गुळगुळीत.

"काका, हे तेवढे राहू द्या हं," अपूर्वा म्हणाली. "बाबांच्या बोटांचे आहेत."

तिचे बाबा, संजय ओव्हाळ, तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नं, जयंती, गणपती, जे येईल ते. दीड वर्षापूर्वी त्यांची डावी बाजू गेली. उजवा हात धड, पण गिटारला डावा लागतो. तेव्हापासून ती शिकत होती, त्यांच्यासमोर बसून. त्यांना बोट धरून दाखवता येत नव्हतं, म्हणून ती त्या खड्ड्यांत बोटं ठेवायची. खड्डा सापडला की सूर सापडतो. "माझी मास्तरकी ती पट्टीच करते, काकू," असं ती हसून म्हणाली. हे सगळं ती सांगत होती तेव्हा श्यामसुंदरराव खुंटीचा स्क्रू कोणत्या मापाचा ते बघत होते. ऐकत होती हेमा, आणि मुलगी तिच्याकडेच बघून बोलत होती.

खंडेनवमी आली. त्या दिवशी वाळिंब्यांकडे हत्यारांची पूजा व्हायची, हेमाच्या हट्टाने. श्यामसुंदररावांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण हत्यारं पुसूनबिसून मांडायला त्यांना आवडायचं, म्हणून चालायचं. पहिल्या वर्षी हेमाने एका गिटारला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि वार्निशवर डाग पडला. त्यावरून जे बोलणं झालं ते आठवडाभर पुरलं. तेव्हापासून नियम होता: कुंकू कशालाही टेकवायचं नाही. जे वाहायचं ते लांबून. मग हेमा अक्षता जरा जास्त कुंकवात, जरा जास्त पाण्यात कालवायची आणि दोन हात अंतरावरून उधळायची. नियमाचं पालनही व्हायचं आणि हत्यारांनाही काहीतरी पोचायचं.

त्या वर्षी टेबलावर अपूर्वाची गिटार होती, नवी खुंटी बसवून तयार. हेमाने मूठ उघडली. कानशींवर, पकडीवर, ड्रिलवर दाणे पडले, किणकिणले. एक दाणा गिटारच्या तारेवर आपटला, टिक्, आणि मग पोकळीत कुठेतरी, टप्. ओला आवाज. पडून घरंगळला नाही. पडला तिथे चिकटला.

ती सांगणारच होती. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात श्यामसुंदररावांना ड्रिलच्या जबड्यात दोन दाणे दिसले, आणि यंत्र म्हणजे काय, धूळ म्हणजे काय, आणि शिकलेल्या बायकासुद्धा, इथपासून सुरुवात झाली. हेमाने तोंड मिटलं. मरू दे, एक तांदूळ तर आहे.

दसऱ्याला सकाळी अपूर्वा गिटार घेऊन गेली. त्यांच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजत नाहीत. संध्याकाळी विहारात कार्यक्रम असतो. त्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होती, बाबांच्या जागी, बाबांच्या मित्रांबरोबर. तिसऱ्या दिवशी ती परत आली. गिटार झरझरते आहे म्हणाली. माइकसमोर तर फारच. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांनी उजवा हात वर करून थांब म्हटलं, सगळ्यांदेखत.

श्यामसुंदररावांना हे लागलं. माझ्याकडून गेलेली गिटार वाजत नाही म्हणजे काय. वाजव म्हणाले. तिने जोरात, खाडकन सगळ्या तारा छेडल्या आणि मग एकेक. तिसरी तार मोकळी वाजली की तिच्यामागून दुसरा एक आवाज यायचा, पत्र्यावर माशी अडकल्यासारखा. झर्र.

"बाबा म्हणाले, तारेचं नाही, आतून आहे," अपूर्वा म्हणाली.

आत हेमाला तो ओला टप् आठवला. श्यामसुंदररावांनी दारावरच्या पाटीकडे बोट केलं. "बाबांना सांग, आत हवा असते."

निदान त्यांनी शास्त्राप्रमाणे केलं. मोकळी तार झरझरते म्हणजे मानेच्या टोकाला तार ज्या खाचेत बसते ती खाच खोल झाली. तार खाली बसून पहिल्या फ्रेटला घासते. त्यांनी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली, पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते भिंगातून पाहिलं, मान हलवली. चार दिवस बसून हाडाचा नवा तुकडा घासला, खाचा पाडल्या. देखणं काम. मग एका बोटाने हळूच तार छेडली, समाधानाने पुसली आणि मुलीला बोलावलं.

तिने खाडकन छेडली. झर्र. शिवाय आता तिला चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटलाही तेच ऐकू आलं.

हेमा स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले. तिसरी तार मोकळी, चौथी तार पाचव्या फ्रेटवर: दोन्हीकडे सूर एकच. पेटीची पांढरी पाच. एकतीस वर्षं शाळेची प्रार्थना तिने त्याच सुरावर धरली होती. झोपेतून उठवलं असतं तरी ओळखला असता. फ्रेट घासत असेल तर आवाज त्या फ्रेटला चिकटून राहतो. हा फ्रेटला चिकटत नव्हता, सुराला चिकटत होता. तो सूर कुठेही वाजवा, गिटारचा पेटारा त्या सुराला थरथरतो आणि आत अर्धवट सुटलेला एक दाणा लाकडावर नाचतो. पाचव्या तारेवर दहाव्या फ्रेटला बघा, तिथेही वाजेल, असं ती कोथिंबिरीच्या काडीला म्हणाली.

तिथेही वाजलं. पण ते आठ दिवसांनी, कारण मधल्या काळात श्यामसुंदररावांनी सहावा फ्रेट उंच ठरवला होता. तीन फ्रेटांवर आडवी पट्टी ठेवून ती डुगडुगते का ते पाहिलं, केसाएवढी डुगडुगली, त्यांनी काळ्या पेनाने खूण केली आणि कानस घेतली. पुढच्या खेपेला पाचवी तार झरझरली तेव्हा ते म्हणाले, मान वाकली. मानेच्या आत सळई असते, ती पाव आटा सैल केली. नंतर आणखी पाव. फीलर गेजची पातळ पानं तारांखाली सरकवून मापं वहीत लिहिली. माप बरोबर, आवाज चूक. या वेळी त्यांनी स्वतः त्या मुलीसारखं जोरात छेडलं, आणि आवाज त्यांनाही स्पष्ट ऐकू आला. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

आणि हेमाला, हे सांगायलाच हवं, बरं वाटलं.

तिला कोणी गरीब गाय समजू नये. ती दहा दिवस मजेत होती. दुपारी भांडी विसळताना गुणगुणायची, तीही पांढरी पाचमध्ये. बाल्कनीतून झर्र ऐकू आलं की तिच्या मानेला एक छोटासा ताठा यायचा. मोजा, आणखी मोजा. एकदा दारात येऊन म्हणा, हेमा, तुला काय वाटतं? चार शब्द. मी लगेच सांगते, पाटी काढायलाही सांगणार नाही.

एकदा तर तिने प्रत्यक्ष पाहिलं. दुपारी एक ते पाच घरात यम आला तरी त्याला बाहेर थांबावं लागलं असतं. श्यामसुंदरराव झोपले होते. हेमा टॉर्च आणि पावडरच्या डबीतला आरसा घेऊन बाल्कनीत गेली. तारांमधून आरसा आत सरकवला. वरच्या लाकडाला आतून आधाराच्या काड्या चिकटवलेल्या असतात. त्यातल्या एका काडीच्या टोकाशी, तिरपा, एका अंगाने चिकटलेला, लाल. तिची अक्षता. स्वेटरची सुई लांब होती, तिच्या टोकाने टिचकी मारली असती तर काम झालं असतं. अर्धं मिनिट. मुलीची गिटार वाचली असती, नवऱ्याची अब्रू राहिली असती आणि तिची चूकही कोणाला कळली नसती.

तिने सुई आणली नाही. कारण मग काय झालं असतं ते तिला शब्दांसकट माहीत होतं. संध्याकाळी श्यामसुंदररावांनी तार छेडली असती, आवाज गेलेला पाहिला असता आणि म्हणाले असते, पाव आटाच हवा होता, मी म्हटलंच होतं. आणि बिस्किटं आणायला सांगितली असती. हेमाने टॉर्च बंद केला आणि आरसा डबीत ठेवला.

आता एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी श्यामसुंदररावांनी अपूर्वाला फोन लावला. स्पीकरवर, म्हणून घरभर. फ्रेट सगळे काढावे लागतील, पट्टीवर रंधा मारून ती सपाट करावी लागेल, मग नवे फ्रेट. पट्टीच उंचसखल आहे तर वर काय बसणार.

अपूर्वाने सगळं ऐकून घेतलं. मग: "आणि ते खड्डे?"

"खड्डे हाच रोग आहे."

खोटं होतं ते. तार टेकते फ्रेटवर. दोन फ्रेटांच्या मध्ये लाकूड किती झिजलंय याचं तारेला काही नसतं. श्यामसुंदररावांना हे पक्कं ठाऊक होतं. पण महिनाभर हरलेल्या माणसाला डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं असतं, आणि खड्डे दिसत होते.

"काकू आहेत का?" अपूर्वाने विचारलं.

"काकूंचा काय संबंध?"

हेमा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. चार पावलांवर फोन होता. मुलगी म्हणाली, बाबांना विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला. बाबा म्हणतात, गिटार वाजली पाहिजे, खड्ड्यांना काय करायचंय, करू दे त्यांना. श्यामसुंदररावांनी तो मोठ्याने वाचला, जिंकल्यासारखा.

हेमाने चहा गाळला. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि उभी राहिली. "रंधा मारायच्या आधी जरा आत बघा एकदा," ती म्हणाली.

"आत काय बघू?"

"आरसा घालून बघा. काही असेल."

"हेमा, हा गाण्याचा तास नाहीये."

अक्षता. तीन अक्षरं होती. आत माझ्या हातची अक्षता पडली आहे, एवढं वाक्य म्हणायला श्वाससुद्धा बदलावा लागला नसता. पण ते म्हटलं असतं तर पुढचं सगळं तिच्याच अंगावर आलं असतं: म्हणजे तू केलंस, म्हणजे महिनाभर तुझ्यामुळे, म्हणजे तुला माहीत असून. आणि शेवटचं ते खरंच होतं. आपण सुचवलं, ऐकलं नाही, आता आपण मोकळ्या, असं तिने ठरवलं आणि पिशवी घेऊन भाजीला गेली. बिबवेवाडीच्या मंडईत त्या दिवशी तिने मेथीच्या चार जुड्या घेतल्या. घरात माणसं दोन.

ती परतली तेव्हा फ्रेट निघाले होते आणि काळी पट्टी उघडी होती. रंधा फिरत होता. कडक लाकडावर धारदार पातं चाललं की रेशीम फाडल्यासारखा आवाज येतो. ऐकायला वाईट नसतो. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. खालच्या दोन फ्रेटांमधले सर्वांत खोल होते, संजय ओव्हाळांनी तीस वर्षं जिथून प्रत्येक गाणं सुरू केलं तिथले. त्यांना जास्त वेळ लागला. हेमा मेथी निवडायला बसली आणि तिने एकेक पान निवडलं.

नवे फ्रेट ठोकून बसवावे लागतात. लहान हातोडी, प्रत्येक फ्रेटवर दहा-बारा ठोके, असे वीस फ्रेट. ठोके मानेतून पेटाऱ्यात उतरतात. दोन दिवस घरात ठकठक चालू होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ठोक्यांच्या मध्ये हेमाला एक बारीक आवाज आला, टिक्, आणि लगेच काहीतरी लाकडावरून घरंगळलं. तिला कळलं. गिटार उलटी करून भुसा झटकला तेव्हा तो दाणाही बाहेर पडला असणार.

संध्याकाळी श्यामसुंदररावांनी तारा चढवल्या आणि खाडकन छेडल्या. स्वच्छ. मोकळी तिसरी स्वच्छ, चौथी पाचव्यावर स्वच्छ, पाचवी दहाव्यावर स्वच्छ. त्यांनी पुन्हा छेडली. मग ते उठून वरच्या मजल्यावरच्या शर्मिलाबाईंना आणि त्यांच्या पाहुण्यांना बोलावून घेऊन आले. महिनाभर रोग हुलकावण्या देत होता, मूळ पट्टीत होतं, मूळ शोधायला धीर लागतो. हेमाने सगळ्यांना चहा दिला. बिस्किटं न सांगता आणली.

सगळे गेल्यावर तिने टेबलाखालचा केर काढला. काळ्या भुशात लाल दाणा. वाळून टणक झालेला, एका अंगाला लाकडाची धूळ चिकटलेली. तिने तो पदराच्या टोकाला बांधला.

रविवारी अपूर्वा आली. गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायच्या आधी डाव्या हाताची बोटं पट्टीवरून फिरवली, खालून वर, वरून खाली. पट्टी काचेसारखी सपाट होती. मग तिने वाजवलं. आवाज निर्दोष होता. बोटं मात्र दोनदा चुकली. जिथे टेकायची तिथे काही नव्हतं, आणि तिला मान वाकवून बघावं लागलं. श्यामसुंदरराव म्हणाले, नवीन आहे, होईल सवय. ती थँक्यू काका म्हणाली. आभार मानताना ती त्यांच्याकडे बघत होती आणि हेमाकडे एकदाही नाही.

हेमा तिच्यामागे फाटकापर्यंत गेली. मुलगी स्कूटरपाशी बॅगेचे पट्टे अडकवत होती. हेमाने पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला.

"हे काय आहे, काकू?"

"अक्षता. खंडेनवमीच्या पूजेत माझ्या हातून तुझ्या गिटारमध्ये पडली. आवाज हिचा होता."

अपूर्वाला आधी कळलंच नाही. तिच्या घरी हे नसतं. तांदळाला कुंकू लावून वाद्यावर कशाला टाकतात, इथपासून सुरुवात होती. मग तिने त्या दाण्याकडे पाहिलं, बॅगेतून वर आलेल्या मानेकडे पाहिलं.

"म्हणजे पट्टी?"

"पट्टीचा काही संबंध नव्हता."

"तुम्हाला केव्हा कळलं हे?"

काल केर काढताना, हे उत्तर तयार होतं. सोपं होतं आणि निम्मं खरंही होतं. हेमाने आयुष्यात बरंच काही गिळलं होतं, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पहिल्या दिवशी," ती म्हणाली.

मुलीने ओरडायला हवं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही."

हे वाक्य हेमाने तीन वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं, दुसऱ्याच माणसासाठी. योग्य वेळी, योग्य माणसासमोर ते वापरायचं होतं. इथे फाटकात, स्कूटरशी उभ्या असलेल्या या मुलीसमोर ते बाहेर पडलं, आणि किती क्षुद्र आहे ते तिला स्वतःलाच ऐकू आलं. तिचा कान चांगला होता.

"काकू, खड्ड्यांचं सगळं मी काकांना नव्हतं सांगितलं," अपूर्वा म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं."

तिने हेल्मेट घातलं. मग काहीतरी आठवल्यासारखं तिने हेमाची पुढे केलेली बोटं धरली आणि दाण्यावर मिटवून दिली, आजारी माणसाच्या हातात औषध देतात तशी. बोटांची टोकं खरखरीत झाली होती तिच्या. दीड वर्षाची मेहनत. आणि ती गेली.

हेमा आत आली. श्यामसुंदरराव टेबलाशी बसून पट्टीचं माप वहीत उतरवून ठेवत होते, पुढच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून. त्यांनी मान वर केली.

"काय म्हणत होती गं ती?"

त्यांनी विचारलं होतं. आपणहून, चष्म्याव्यतिरिक्त, उत्तर ऐकायला थांबून. हेमा ओट्याकडे वळली.

"काही नाही," ती म्हणाली, आणि एका हातानेच तिने चहाचं आधण ठेवलं. दुसरी मूठ मिटलेली होती.